लायडन नगरींत दोन दिवस

परदेशच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची पहिली हौस पुष्कळ शहरें पाहण्याची असते. आठ दिवसांत पांच देश आणि पंधरा शहरें, अशीं वेळापत्रकें हल्लीं तयार मिळतात. आणि घरीं परतल्यावर कोणता मनोरा कोणत्या गांवचा, याचा मेळ घालतां घालतां प्रवाशाची तारांबळ उडते. याच्या उलट दुसरी रीत अशी कीं, एखादें लहान शहर निवडावें, तेथें दोन दिवस पायींच हिंडावें, आणि त्या शहरानें आपल्या गतकाळापैकीं काय जपून ठेविलें आहे, तें कां ठेविलें आहे, एवढेंच शोधून पाहावें. युरोपांत गेलेल्या मुंबईच्या चार मित्रांनीं नेदरलंड्स देशांत ही दुसरी रीत धरिली, आणि त्यासाठीं शहर निवडलें तें लायडन.

हे चौघे शाळेपासूनचे सोबती. एक इंजिनियर, एक डॉक्टर, एक वकील, आणि चौथे एका शाळेचे ग्रंथपाल. चौघांनीहि साठी ओलांडलेली. हातांत दिवस दोनच होते, आणि तिघांचा ओढा आम्स्टरडॅमकडे होता. ग्रंथपाल मात्र लायडनचा हट्ट सोडीनात. संस्कृत, अरबी, जावानी अशा पौर्वात्य भाषांच्या किती तरी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर छापण्याचें ठिकाण म्हणून त्यांनीं हेंच नांव वाचलें होतें; जुन्या लॅटिन पुस्तकांवर तेंच नांव ‘लुगदुनुम बातावोरुम’ असें भारदस्त रूप घेऊन येई. “आयुष्यभर ज्या गांवचा पत्ता वाचला, तें गांव एकदां पाहूं द्या,” एवढेंच त्यांचें म्हणणें. जुन्या मित्राचा हट्ट मोडवेना, म्हणून बाकीच्यांनीं होकार दिला.

आम्स्टरडॅमहून आगगाडीनें सुमारें ३५ मिनिटांत लायडन येतें. हें शहर दक्षिण हॉलंड प्रांतांत, ऱ्हाइन नदीच्या जुन्या पात्रावर वसलें आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढीहि नाहीं. बुधवारीं सकाळीं मित्र स्टेशनाबाहेर पडले तेव्हां एप्रिल महिना होता, ऊन कोवळें होतें, आणि वारा मात्र अंगांत शिरत होता. सायकलींची रांग इतकी अखंड वाहत होती कीं, रस्ता ओलांडण्यापूर्वीं चौघांना बराच वेळ थांबावें लागलें.

स्टेशनापासून थोडें चाललें कीं उजव्याडाव्या घरांच्या वर डोकें काढून उभी असलेली एक पवनचक्की दिसते. तिचें नांव ‘द फाल्क’, म्हणजे ससाणा. १७४३ सालीं बांधलेली ही विटांची उंच चक्की आतां वस्तुसंग्रहालय झाली आहे. तिला पाहतांच इंजिनियर मित्रानें बाकीच्यांना समजावून सांगण्यास आरंभ केला कीं, हॉलंडमधील पवनचक्क्या सखल जमिनींतील पाणी उपसतात. आंत गेल्यावर पाहतात तों प्रचंड जातीं! ही चक्की धान्य दळणारी निघाली. खालच्या मजल्यावर चक्कीवाल्याचें घर, वर दळणाचे मजले. इंजिनियर मित्राची थोडी थट्टा झाली. पण त्याचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. हॉलंडमध्यें चक्क्या अनेक कामांच्या असत : धान्य दळण्याच्या, लांकूड कापण्याच्या, तेल गाळण्याच्या, आणि त्यांतील कित्येक खरोखरच पाणी उपसण्याच्या.

पाण्याचा हा विषय येथें नीट समजून घेतला पाहिजे, कारण लायडनचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे. या भागांतील जमीन मुळांत दलदलीची. ती लागवडीस आणावयाची म्हणजे चर खणून तिच्यांतील पाणी काढून टाकावें लागतें. पण पाणी निघालें कीं माती सुकते व खचते. माती खचली कीं जमीन पूर्वीपेक्षां खालीं जाते, आणि पाणी पुन्हां तिच्यावर चढूं पाहतें. म्हणून भोंवतीं बांध घालावयाचा आणि आंतील पाणी उपसून बाहेरच्या कालव्यांत टाकावयाचें. असें कित्येक शतकें चाललें, आणि शेवटीं पुष्कळ कुरणें समुद्राच्या पातळीच्याहि खालीं गेलीं. एकाच्या शेताचा बांध फुटला तर शेजाऱ्याचें शेतहि बुडतें. त्यामुळें बांधांची देखभाल हें कोणा एकाचें काम राहूंच शकत नाहीं. त्यासाठीं या देशांत पाण्याचीं मंडळें फार जुन्या काळीं स्थापन झालीं. लायडनच्या आसपासचा मुलूख सांभाळणारें राइनलंडचें मंडळ तेराव्या शतकापासूनचें असून त्याची कचेरी आजहि लायडनमध्येंच आहे. राजे बदलले, धर्मपंथ बदलले. पण बांधाची पाहणी व पाणपट्टीची वसुली कांहीं थांबली नाहीं.

बुधवार हा बाजाराचा दिवस. नव्या ऱ्हाइनच्या दोन्ही कांठांवर चीज, मासे, फुलें, भाजी यांचीं दुकानें मांडलेलीं असतात. गांवाच्या मध्यभागीं जुनी ऱ्हाइन व नवी ऱ्हाइन हे नदीचे दोन फांटे एकत्र येतात. जवळच एक पूल आहे, त्यावर खांबांचें छप्पर आहे. पुलाला छप्पर कशाला, असा प्रश्न कोणालाहि पडावा. त्याचें उत्तर साधें आहे : या पुलावर धान्याचा बाजार भरे, आणि पावसानें धान्य भिजूं नये म्हणून १८२५ सालीं हें छप्पर घालण्यांत आलें.

बाजारांतून एका बोळानें आंत शिरलें कीं एक वाटोळी टेंकडी लागते. सपाट देशांत टेंकडी कोठून आली? ती माणसांनीं माती टाकून रचलेली आहे. पुराच्या वेळीं आणि शत्रूच्या वेळीं आसरा मिळावा म्हणून सुमारें हजार वर्षांपूर्वीं रचलेल्या या उंचवट्यावर पुढें दगडी तट चढला. याला ‘बुर्ख्त’ म्हणतात. तटावर चढलें कीं लाल कौलांचीं छपरें, दोन मोठीं चर्चें व त्यापलीकडे हिरवी, बशीसारखी सपाट भूमि दिसते. चौघे मित्र येथें बराच वेळ बसले; आणि ग्रंथपालांनीं बरोबर आणलेल्या पुस्तकाच्या आधारें लायडनच्या वेढ्याची हकीकत सांगितली. ती थोडक्यांत अशी.

सोळाव्या शतकांत हा सारा मुलूख स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या ताब्यांत होता. जबर कर आणि प्रॉटेस्टंट पंथाचा छळ यांमुळें लोक उठले. १५६८ पासून ऑरेंजचा विल्यम हा उठावाचा पुढारी झाला. स्पॅनिश फौजेनें एकेक शहर परत घेण्यास सुरुवात केली. १५७३ च्या उन्हाळ्यांत हार्लेम पडलें, आणि तेथील शिबंदीची कत्तल झाली. त्याच वर्षाच्या शरदांत लायडनला वेढा पडला. मार्च १५७४ मध्यें दुसरीकडून आलेल्या सैन्याला तोंड देण्यासाठीं स्पॅनिश फौज वेढा उठवून गेली. संकट टळलें असें लायडनच्या लोकांना वाटलें, आणि येथेंच त्यांची चूक झाली : त्यांनीं धान्याचीं कोठारें भरून ठेविलीं नाहींत. २६ मे रोजीं सेनापति वाल्देस पुन्हां येऊन धडकला. त्यानें तोफांचा मारा केला नाहीं; गढ्यांचें कडें उभें करून तो शांतपणें बसून राहिला. जें काम तोफांनीं करावयाचें तें भूक करणार होती.

वेढ्याच्या काळांत शहरांत चांदी उरली नाहीं, तेव्हां चर्चमधील पुस्तकांच्या कागदाचे थर दाबून त्यांचीं नाणीं पाडण्यांत आलीं. त्यांतील एका नाण्यावर ‘हें स्वातंत्र्यासाठीं’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द होते. यावर कांहीं धर्मोपदेशकांनीं आक्षेप घेतला. त्यांच्या मतें ‘हें धर्मासाठीं’ असें असावयास हवें होतें. उपासमारींतहि हा वाद झाला, यावरून लोकांच्या मनांत काय चाललें होतें तें कळतें. बाहेरच्या जगाशीं पत्रव्यवहार कबुतरांमार्फत चाले. अन्न संपलें, लोकांनीं कुत्रीं, मांजरें, पाला, कातडें खाल्लें, त्यांत प्लेग शिरला. कांहीं नागरिकांनीं नगराध्यक्ष फान डर वेर्फ याच्यापुढें शरण जाण्याची मागणी केली, तेव्हां त्यानें ‘माझा हात तोडून खा, पण दरवाजे उघडणार नाहीं’ असें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे.

बाहेरून सैन्यानें वेढा फोडणें शक्य नव्हतें. तेव्हां हॉलंडच्या प्रांतसभेनें विल्यमच्या सल्ल्यानें एक भयंकर निर्णय घेतला : शतकानुशतकें जपलेले बांध आपल्याच हातांनीं फोडावयाचे, नद्यांचें पाणी शेतांत सोडावयाचें, आणि त्या पाण्यावरून होड्या थेट लायडनच्या तटापर्यंत आणावयाच्या. ‘गमावलेल्या भूमीपेक्षां बुडालेली भूमि बरी’ अशी त्या वेळीं म्हणच पडली. ऑगस्टच्या आरंभीं बांध फोडले गेले. पण पाणी भराभर चढेना. होड्या सपाट तळाच्या असल्या तरी जागोजाग चिखलांत रुतत. वारा उलटा. लायडनचे लोक याच बुर्ख्तवर चढून क्षितिजाकडे डोळे लावून बसत, असें सांगतात. सप्टेंबर गेला. शेवटीं ऑक्टोबर लागतां लागतां वादळ झालें, वारा फिरला, उधाणाच्या भरतीनें पाणी आंत ढकललें, आणि नौकापति ब्वासो याचा काफिला पुढें सरकला. २ ऑक्टोबरच्या रात्रीं शहराच्या तटाचा एक भाग प्रचंड आवाज करून कोसळला. त्या रात्रींच, चढत्या पाण्याच्या धास्तीनें स्पॅनिश शिपायांनीं गढ्या सोडल्या होत्या. ३ ऑक्टोबर १५७४ च्या सकाळीं होड्या शहरांत शिरल्या, आणि कालव्याच्या कांठांवर उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांना हेरिंग मासे व पांढरा पाव वांटण्यांत आला.

हकीकत संपल्यावर क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग वकिलानें विचारलें, “अरे, पण जीं शेतें बुडालीं तीं कोणाचीं?” प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपें नव्हतें. तीं शेतें लायडनच्या तटाबाहेरच्या शेतकऱ्यांचीं होतीं. वेढा शहराला होता. किंमत खेड्यांनीं दिली. डॉक्टरांनीं म्हटलें कीं, शरीर वांचवावयाचें तर कधीं बोट कापावें लागतें. त्यावर वकील म्हणाला, “बोट आपलें असेल तर!” हा वाद मिटला नाहीं, आणि मिटवण्याची घाईहि कोणी केली नाहीं.

टेंकडीवरून उतरून चौघे नगरभवनापाशीं गेले. १५९० नंतरच्या दशकांतील तिची देखणी दगडी दर्शनी बाजू आजहि उभी आहे. मागची इमारत मात्र १९२९ च्या फेब्रुवारींत आगींत जळाली व नव्यानें बांधावी लागली. दर्शनी भागांत एक शिलालेख आहे. काळ्या भुकेनें जवळजवळ सहा हजार माणसें मेलीं, आणि मग देवानें पुन्हां भाकर दिली, असा त्याचा आशय. त्यांतील कांहीं अक्षरें मुद्दाम निराळीं काढलेलीं असून रोमन अंक म्हणून त्यांची बेरीज केली कीं १५७४ हा आंकडा येतो. आपल्याकडे पोथ्यांच्या शेवटीं शब्दांतून शक सांगण्याची चाल आहे, तिची ही दूरची बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

दुपारीं मित्र ‘लाकेनहाल’मध्यें गेले. लाकेन म्हणजे लोंकरीचें उंची कापड. वेढ्यानंतरच्या वर्षांत दक्षिणेकडील फ्लँडर्समधून स्पॅनिश अमलाला कंटाळलेले विणकर मोठ्या संख्येनें लायडनमध्यें आले, आणि त्यांच्या हातांनीं हें शहर युरोपांतील कापडाची एक मोठी पेठ बनलें. कापडाचा कस तपासून त्यावर शिक्का मारण्यासाठीं १६४० मध्यें ही इमारत उभारली. १८७४ पासून तिच्यांत शहराचें वस्तुसंग्रहालय आहे. रेंब्रांट हा जगद्विख्यात चित्रकार याच गांवच्या एका चक्कीवाल्याचा मुलगा. त्याचा जन्म १६०६ सालचा. पण या संग्रहालयांत लायडनकर आपल्या मुलांना बोट धरून जें दाखवावयास आणतात, त्यांत चित्रांइतकाच मान एका हंड्याला आहे. शिपाई पळून गेल्यावर एका पोरक्या मुलाला त्यांच्या रिकाम्या गढींत चुलीवरचा जो हंडा सांपडला तो हाच, अशी परंपरा आहे. त्यांत मांस, गाजरें, कांदे व कंदमुळें यांचें शिजवलेलें मिश्रण होतें.

त्या मिश्रणाला ‘हुत्स्पॉट’ म्हणतात. दर वर्षीं ३ ऑक्टोबरला लायडनमध्यें घरोघर हुत्स्पॉट शिजतो, आणि जुन्या वजनकांट्याच्या इमारतींत सकाळीं हेरिंग व पांढरा पाव वांटला जातो. आजच्या हुत्स्पॉटमध्यें बटाटा मुख्य असतो. १५७४ मध्यें मात्र या देशाच्या चुलीवर बटाटा आला नव्हता. त्या रात्रीं मित्रांनीं एका खानावळींत हा पदार्थ मागविला. ग्रंथपाल शाकाहारी, त्यांच्यापुढें मांस वगळून केवळ बटाटा, गाजर व कांदा यांचा कुस्करलेला गोळा लोण्यासकट आला. चव साधी, किंचित् गोडसर. डॉक्टर मात्र खातां खातां थांबले. फार दिवसांच्या उपाशी देहाला एकाएकीं पोटभर अन्न दिलें तर तेंच त्याला घातक ठरूं शकतें, हें त्यांनीं सांगितलें. सुटकेच्या सकाळींहि पाव हातीं आल्यावर कांहीं माणसें दगावल्याचें इतिहासकार लिहितात. विजयाचा घांस तोंडांत घेऊन मेलेल्या त्या माणसांचा विचार मनांत आल्यावर, चौघांनीं ताटांत कांहीं टाकलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, गुरुवारीं, मित्र रापेनबुर्ख या कालव्याच्या कांठानें निघाले. दोहोंबाजूंस जुनीं उंच घरें, पाण्यावर कमानीचे पूल, आणि मधेंच एखाद्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगविलेली कविता. १९९२ पासून लायडनमध्यें भिंतींवर जगांतील निरनिराळ्या भाषांतील कविता, त्या त्या भाषेच्या लिपींत, लिहिण्याचा उपक्रम झाला; अशा कविता शंभराहून अधिक आहेत. पुढें पुढें कांहीं भिंतींवर भौतिकशास्त्रांतील सूत्रेंहि आलीं.

याच कालव्यावर विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मूळची ती जोगिणींच्या मठाची चर्चशाळा. १५८१ पासून विद्यापीठाकडे. सुटकेनंतर विल्यमनें शहराला विचारलें, ‘कांहीं वर्षांची करमाफी हवी कीं विद्यापीठ?’ आणि लोकांनीं विद्यापीठ मागितलें, अशी गोष्ट येथें लहानथोर सांगतात. ती गोष्टच आहे. खरें कारण अधिक व्यावहारिक होतें. बंडखोर प्रांतांना स्वतःचे धर्मोपदेशक, वैद्य व कायदेपंडित हवे होते, आणि शिकावयाला जावें तर जवळचें लूव्हेनचें विद्यापीठ शत्रूच्या मुलखांत. ८ फेब्रुवारी १५७५ रोजीं, म्हणजे सुटकेनंतर अवघ्या चार महिन्यांत, विद्यापीठ स्थापन झालें. मेलेल्यांचें दुःख ताजें, तट पडलेला, शेतांतील चिखल वाळलेला नाहीं, आणि शहर शाळा उघडतें! वकिलाला यांत सर्वांत गंमत वाटली ती सनदेची. ज्याच्याविरुद्ध बंड त्याच फिलिप राजाच्या नांवानें ती सनद काढलेली आहे. कारण आपण राजाविरुद्ध नसून त्याच्या दुष्ट सल्लागारांविरुद्ध लढतों आहों, असा कायद्याचा आव बंडखोरांनीं तोंवर सोडला नव्हता. विद्यापीठाचें ब्रीद आहे ‘स्वातंत्र्याचा बुरूज’.

या इमारतींत एक लहान खोली आहे, तिला ‘घामाची खोली’ म्हणतात. परीक्षेचा निकाल कळेपर्यंत विद्यार्थी तेथें बसत, आणि उत्तीर्ण झाल्यावर भिंतीवर सही करीत. शतकांच्या सह्यांनीं त्या भिंती भरून गेल्या आहेत. ग्रंथपालांना हें ऐकून आपल्या शाळेंतील बांकें आठवलीं. त्यांवरहि नांवें कोरलेलीं असत, आणि त्याबद्दल छड्या बसत.

ग्रंथपालांचे ते मुखपृष्ठावरचे पत्तेहि येथेंच उलगडले. हेन्द्रिक केर्न हा पंडित १८६३ ते १८६५ बनारसमध्यें अध्यापक होता. १८६५ मध्यें तो लायडनला संस्कृतचा पहिला प्राध्यापक झाला. आर्यभटाचें ‘आर्यभटीय’ टीकेसह संपादून त्यानें १८७४ सालीं येथील ब्रिल या प्रकाशनसंस्थेकडून छापविलें. वेढ्याच्या सुटकेला त्या वर्षीं बरोबर ३०० वर्षें झालीं होतीं.

विद्यापीठाच्या इमारतीमागें वनस्पतींची बाग आहे. १५९० मध्यें तिची स्थापना झाली. १५९३ मध्यें क्लूसिउस हा म्हातारा वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा प्रमुख म्हणून आला. तुर्कस्तानाकडून युरोपांत आलेल्या ट्यूलिपची लागवड त्यानें येथें केली, आणि हॉलंडच्या ट्यूलिपप्रेमाचा आरंभ बहुतेक या बागेपासून सांगतात. त्याच्या काळची मांडणी पुन्हां रचून दाखविली आहे : लहान लहान चौकोनी वाफे, प्रत्येकांत मोजकीं झाडें. एप्रिल असल्यामुळें ट्यूलिप फुललेले होते.

या बागेशीं कोंकणी बोलणाऱ्यांचाहि एक जुना धागा आहे. कोचीन येथील डच अधिकारी फान रेडे यानें मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करविला. ‘होर्तुस मलबारिकुस’ या नांवानें त्याचे १२ खंड आम्स्टरडॅमला १६७८ पासून १६९३ पर्यंत निघाले. पहिल्या खंडावर टिपा लिहिणारा आर्नोल्ड सेयेन हा लायडनचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. या ग्रंथासाठीं ज्यांनीं आपली विद्या दिली त्यांत इट्टी अच्युतन् हा मलबारी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन कोंकणी वैद्यहि होते. या तिघांची कोंकणी भाषेंतील ग्वाही, नागरी अक्षरांत, पहिल्या खंडांत छापलेली आहे. आणि ग्रंथांत वनस्पतींचीं कोंकणी नांवेंहि आहेत. नागरी अक्षरांचा इतका जुना छाप हॉलंडमध्यें निघावा, हें ऐकून चौघांना नवल वाटलें. परक्याची विद्या घेऊन त्याचें नांव गाळणें सोपें होतें. येथें तें छापलें गेलें, ही गोष्ट ग्रंथपालांनीं वहींत टिपून घेतली.

बागेंतून बाहेर पडून थोडें पुढें गेलें कीं एकाएकीं घरें संपतात आणि मोकळें उद्यान लागतें. तें मोकळें कां आहे? १२ जानेवारी १८०७ रोजीं येथें कालव्यांत उभें असलेलें दारूगोळ्याचें जहाज उडालें. सुमारें दीडशें माणसें मेलीं, घरांच्या रांगा जमीनदोस्त झाल्या, आणि ती जागा पुढें उद्यान झाली. त्यांत आतां फान डर वेर्फचा पुतळा आहे. पलीकडेच जी मोठी इमारत आहे ती कामेर्लिंग ओन्नेस याची प्रयोगशाळा होती. १० जुलै १९०८ रोजीं त्यानें तेथें हेलियम वायूचा द्रव केला. त्यासाठीं उणे २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंडी उतरवावी लागली. १९११ मध्यें त्याच थंडींत त्याला दिसून आलें कीं, पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकदम नाहींसा होतो. १९१३ मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. आज रुग्णालयांत शरीराच्या आंतील चित्रें घेणाऱ्या चुंबकी यंत्रांत द्रव हेलियमचा उपयोग होतो, तेव्हां इंजिनियर आणि डॉक्टर या दोघांनाहि ही इमारत आपापली वाटली. सध्यां मात्र तिच्यांत कायद्याचें शिक्षण दिलें जातें. त्यामुळें वकिलानेंहि तिच्यावर हक्क सांगितला.

कायद्याचा विषय निघाल्यावर शेवटची हकीकत वकिलानें सांगितली; ती त्याला पूर्वींपासून ठाऊक होती. मे १९४० मध्यें जर्मन फौजेनें नेदरलंड्स जिंकलें. त्याच नोव्हेंबरांत ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर करण्याचा हुकूम निघाला. लायडनचे एदुआर्द मायर्स हे त्यांपैकीं एक. सबंध देशांत कायद्याचा त्यांच्याएवढा अभ्यासक नव्हता म्हटलें तरी चालेल. २६ नोव्हेंबर १९४० च्या सकाळीं त्यांच्या तासाला रुदोल्फ क्लेव्हेरिंगा हे कायदा-विभागाचे प्रमुख उभे राहिले. ते मायर्स यांचे शिष्य. त्यांनीं हुकुमाचा मजकूर तसाच वाचून दाखविला. त्यावर एकहि शिवी दिली नाहीं. मग आपल्या गुरूनें आयुष्यभर काय काम केलें तें सावकाश, एकामागून एक सांगितलें, आणि हुकूम किती क्षुद्र आहे हें श्रोत्यांचें श्रोत्यांनाच उमगूं दिलें. विद्यार्थ्यांनीं त्या भाषणाच्या प्रती रातोरात करून देशभर पोंचविल्या व संप पुकारला. जर्मनांनीं विद्यापीठ बंद केलें. क्लेव्हेरिंगांना लगेच अटक झाली आणि १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत तुरुंगांत ठेवण्यांत आलें. मायर्स यांना छळछावणींत नेलें. ते वांचले, आणि युद्धानंतर १९४७ मध्यें देशाची नवी दिवाणी संहिता रचण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. १९५४ मध्यें ते वारले. २६ नोव्हेंबरच्या सुमारास आजहि लायडनचें विद्यापीठ क्लेव्हेरिंगांच्या नांवानें व्याख्यानें करवितें.

तीच हकीकत सांगतांना वकिलाचा आदल्या दिवशींचा प्रश्न त्यालाच परत भेटला. १५७४ मध्यें शहराच्या स्वातंत्र्यासाठीं बुडालीं तीं दुसऱ्यांचीं शेतें होतीं. १९४० मध्यें एक माणूस व्यासपीठावर उभा राहिला तेव्हां त्यानें पणाला लाविलें तें स्वतःचें. “बोट आपलें असेल तर,” एवढेंच डॉक्टर म्हणाले. वकील हंसला नाहीं. त्यानें मान हलविली. शेतकऱ्यांच्या नुकसानीला त्यामुळें उत्तर मिळालें असें नाहीं. पण चिखलांतून उभी राहिलेली शाळा कोणत्या कामाची, असा प्रश्न कोणी केला, तर ३६५ वर्षांनंतर तिच्यांतून निघालेलें हें एक उत्तर दाखवितां येतें.

पुष्कळ शहरें आपल्या विजयाची आठवण कमानींनीं व पुतळ्यांनीं ठेवितात. लायडनजवळहि पुतळा आहे. पण तो उद्यानांत एका बाजूस उभा असतो. आठवण खऱ्या अर्थानें टिकली आहे ती दोन गोष्टींत : वर्षांतून एकदां घरोघर शिजणाऱ्या एका साध्या अन्नांत, आणि वर्षभर चालणाऱ्या एका शाळेंत. अन्नामुळें भूक विसरली जात नाहीं. शाळेमुळें ती कशासाठीं सोसली, तें विसरलें जात नाहीं.

संध्याकाळीं चौघे स्टेशनाकडे निघाले. आम्स्टरडॅम पाहावयाचें राहिलें होतें, आणि त्याची कोणी आठवण काढली नाहीं. गाडी सुटल्यावर खिडकींतून सपाट हिरवीं कुरणें दिसूं लागलीं. मधून मधून पाण्याचे सरळ चर, आणि त्यांच्या कडेनें उंच बांध. इंजिनियरनें बांधाच्या उतारावर चरणाऱ्या मेंढ्यांकडे बोट दाखविलें. वकील मात्र बांधाच्या खालच्या शेतांकडे पाहत होता. तीं कोरडीं होतीं.